चष्म्यातून नेम

ऑलिंपिकमध्ये तिरंदाजाचं लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटीमीटरचं. मग चष्मेवाल्याने काय करावं?

उजव्या हाताने दोरी ओढणारा तिरंदाज डावा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो. मान पुरती वळली नाही, तर उजवा डोळा काचेच्या नाकाकडच्या कडेतून पाहतो. तिथे फ्रेम आड येते आणि नंबर जास्त असेल तर लक्ष्य किंचित सरकलेलं दिसतं. हे सरकणं दर बाणाला सारखंच राहिलं, तर धनुष्यावरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, जुळवून भागतं. पण घामाने चष्मा घसरला, की नेमही बदलतो.

म्हणून मोठ्या काचेची फ्रेम घ्या, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावा. जवळचा-लांबचा नंबर एकत्र असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेपेक्षा फक्त लांबच्या नंबरची काच बरी. पुढचं पाऊल थोडं मागे घेतलं, की मान कमी वळवावी लागते. कॉन्टॅक्ट लेन्स हाही पर्याय आहेच.

दक्षिण कोरियाचा इम डोंग-ह्यून डोळ्यांनी अधू. तरी २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने चष्म्याविना ७२० पैकी ६९९ गुणांचा विश्वविक्रम केला. रंगांचे धूसर पट्टे त्याला पुरले. हात मात्र दर वेळी तोच, तसाच.

तेव्हा नवा चष्मा करताना दुकानात धनुष्य ओढल्यासारखी मान वळवून दाखवा. काचेचा मध्य कुठे हवा, ते तिथेच ठरवून घ्या.