आत्मविश्वास कुणाला शिकवायचा?

(मुलींच्या एका वसतिगृहात, फ्रेशर्स पार्टीच्या आदल्या आठवड्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलींनो, येत्या शनिवारी तुमची फ्रेशर्स पार्टी आहे. त्यात 'मिस फ्रेशर' निवडणार आहेत आणि तुमच्यातल्या चौघींनी नाव दिले आहे, असे मला कळले. शेवटच्या फेरीत आत्मविश्वास आणि बुलिंग यांवर हमखास प्रश्न येतो, म्हणून त्यावरच बोला, असे तुमच्या ताईंनी सांगितले. मी उत्तर पाठ करून घ्यायला आलेली नाही. पण या दोन शब्दांबद्दल मला बोलायचे आहे.

आधी माझे सांगते. मी पहिल्या वर्षाला असताना आमचीही पार्टी झाली. स्टेजवर नाव सांगितले, तर मागून आवाज आला, "पूर्ण नाव सांग." आडनाव सांगितले. मग पुढचा प्रश्न, "रँक किती?" सगळे हसले. शेवटी प्रत्येकीला टायटल दिले. कागदी पट्टा आणि त्यावर स्केचपेनने लिहिलेले. माझ्या पट्ट्यावर होते, 'ब्लॅक ब्युटी, कोटा स्पेशल'. तो पट्टा घालून मी फोटो काढला, तोही हसत. दुसऱ्या दिवशी एका मॅडमकडे गेले. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांनी प्यायला पाणी दिले आणि म्हणाल्या, "अगं, मनावर घेऊ नकोस. जरा कॉन्फिडन्स वाढव."

मला ते पटले. दोन वर्षे मी आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव केला. बोलणे सुधारलेही. पण पट्टा लिहिणाऱ्यांना कुणी एक शब्द बोलले नाही. पुढच्या वर्षी आणखी एका मुलीला तसाच पट्टा मिळाला.

आता मोठ्या स्टेजकडे बघू. डिसेंबर २०२१ मध्ये इस्रायलमधल्या एलात शहरात हरनाझ संधू मिस युनिव्हर्स झाली. सुष्मिता सेन (१९९४) आणि लारा दत्ता (२०००) यांच्यानंतर हा किताब मिळवणारी ती तिसरी भारतीय. तरुण मुलींनी आजच्या दडपणाला कसे तोंड द्यावे, असा प्रश्न तिला शेवटी विचारला होता. स्वतःवर विश्वास ठेवा, दुसऱ्यांशी तुलना सोडा, स्वतःसाठी बोला, असे तिचे उत्तर होते. उत्तर चांगलेच होते. पण काही महिन्यांतच तिचे वजन वाढले आणि लोक तिच्यावर तुटून पडले. आपल्याला सिलिअॅक आजार आहे, गहू चालत नाही, हे तिला जाहीरपणे सांगावे लागले. आधी बारीक म्हणून चिडवायचे, आता जाड म्हणून चिडवतात, असेही ती म्हणाली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या स्टेजवर आत्मविश्वासाबद्दल बोलून मुकुट जिंकलेल्या मुलीलाही त्या आत्मविश्वासाने वाचवले नाही. चिडवणाऱ्याला कारण लागत नाही, माणूस लागतो.

त्याच्या दोन वर्षे आधी, २०१९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या झोझिबिनी तुंझीने तोच किताब जिंकला होता. तिच्यासारखी कातडी, तिच्यासारखे केस असलेल्या बाईला सुंदर न मानणाऱ्या जगात आपण वाढलो आणि हे आता थांबले पाहिजे, असे ती म्हणाली होती. फरक लक्षात घ्या. तिने मुलीला सुधारायला सांगितले नाही. जगाकडे बोट दाखवले.

तिसरी नीना दावुलुरी. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातली ही मुलगी सप्टेंबर २०१३ मध्ये मिस अमेरिका झाली. त्याच रात्री ट्विटरवर तिला अरब, दहशतवादी म्हणून शिव्या पडल्या. आपल्याकडे लोकांना त्याचा राग आला. पण त्याच आठवड्यात आपल्याच पत्रकारांनी हेही लिहिले की, एवढ्या सावळ्या रंगाची मुलगी भारतात निवडून आली नसती. अमेरिकेचा वर्णद्वेष आपल्याला लांबून दिसतो, घरातला दिसत नाही.

त्या मिस अमेरिका स्पर्धेत एके काळी नियमच होता की स्पर्धक गोऱ्या वंशाची असावी. नियम गेला, तरी १९७० पर्यंत एकही कृष्णवर्णीय स्पर्धक राष्ट्रीय स्टेजवर पोहोचली नाही. मग तिथल्या कृष्णवर्णीयांनी काय केले? आपल्या मुलींना कॉन्फिडन्स वाढवा म्हणत बसले नाहीत. ७ सप्टेंबर १९६८ रोजी, मिस अमेरिकाच्याच रात्री, त्याच अटलांटिक सिटीत त्यांनी 'मिस ब्लॅक अमेरिका' स्पर्धा भरवली. त्याच दिवशी तिथे स्त्रीवाद्यांनीही निदर्शने केली. बायकांची अशी पारख मुळात करायचीच कशाला, हा त्यांचा सवाल होता. मला दोन्ही सवाल आपले वाटतात. आम्ही यादीत का नाही, हे विचारायचे. आणि यादी कोण करतो, कशाच्या आधारावर करतो, हेही विचारायचे.

आता आपल्याकडचे बोलते, आणि हे बोलताना जड जाते. डॉ. पायल तडवी आठवते ना? तडवी भिल्ल समाजातली, एमबीबीएस होऊन मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. २२ मे २०१९ ला ती गेली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवण्यात आला. आपण आधीच तक्रार केली होती, असे तिचे कुटुंबीय सांगतात. एवढे शिकून तिथवर पोहोचलेल्या मुलीत आत्मविश्वास कमी होता, असे कोण म्हणेल? कमी पडले ते भोवतालचे लोक. म्हणूनच त्याच वर्षी पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कॅम्पसमधला जातिभेद थांबवण्याची जबाबदारी संस्थांवर टाका, ही त्यांची मागणी होती.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या. यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने त्यात रंग, जात, धर्म, दिसणे, भाषा, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ रॅगिंग ठरतो. चिडवणे आणि वाळीत टाकणेही त्यात येते. माझ्या पट्ट्यावरच्या चार शब्दांत यातल्या किती गोष्टी होत्या, मोजा. प्रकरणात गुन्हा दिसत असेल, तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर करणे ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

सावित्रीमाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत. त्या सोबत दुसरे लुगडे नेत. त्यांचे धैर्य आपण दर वर्षी सांगतो आणि सांगायलाच हवे. पण शेण फेकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. आपल्या मुलींनी आणखी किती वर्षे दुसरे लुगडे सोबत ठेवायचे?

तर चौघीजणींनो, स्टेजवर जरूर जा. छान नटा, ताठ चाला. पण बुलिंगचा प्रश्न आला तर 'स्वतःवर विश्वास ठेवा' एवढ्यावर थांबू नका. ज्यांनी चिडवले त्यांनी थांबावे आणि ज्यांनी ऐकून घेतले त्यांनी बोलावे, हे माइकवर सांगा. त्याने कदाचित नंबर जाईल. जाऊ द्या.

बाकीच्यांना एकच काम सांगते. शनिवारी कुणाच्या पट्ट्यावर तसले काही लिहिलेले दिसले, तर हसू नका. तिला एकटीला मॅडमकडे जाऊ देऊ नका. सगळ्या मिळून जा, आणि लेखी तक्रार घेऊन जा. त्या दिवशी माझ्यासोबत कुणी आले असते, तर मला आरसा लागला नसता.

जय भीम.