पेन्शन, जामीनकी आणि जप्ती



चंद्रपूर जिल्ह्यातल्या ज्या सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले, त्या गावी सेवानिवृत्त शिक्षक, तलाठी, वनरक्षक आणि खाणकामगार यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद लाभावे, हा माझा बहुमान आहे. आणि तो स्वीकारताना, ज्या चिंतेने आपल्यापैकी अनेकांची झोप उडवली आहे, तिच्याविषयीच बोलणे मला कर्तव्य वाटते.

आपल्या भागातला नोकरदार चैनीपायी क्वचितच बुडतो. लेकीचे लग्न, नागपूरचा दवाखाना, धान निसवताना पावसाने दिलेला दगा आणि बहुधा सहकाऱ्याच्या कर्जासाठी दिलेली जामीनकी, यांत तो गुंततो. मग वसुलीचा माणूस ओसरीवर येऊन शेजाऱ्यांदेखत ‘जप्ती’ हा शब्द उच्चारतो, आणि अब्रूच्या धास्तीने हा भला गृहस्थ भविष्य निर्वाह निधीतून निघेल तेवढी रक्कम काढून त्याच्या हाती ठेवतो. ज्या रकमेवर दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामासुद्धा चालला नसता, ती त्याने आपण होऊन देऊन टाकलेली असते! रोवणीआधीच बोडीची पाळ फोडून देण्यासारखा हा अनर्थ आहे.

कर्ज बुडवा, असे मी मुळीच सांगत नाही. परंतु १८७१ च्या पेन्शन कायद्याचे अकरावे कलम सरकारी निवृत्तिवेतन जप्तीपासून वाचवते, आणि बारावे कलम पुढे मिळावयाच्या पेन्शनीवर आगाऊ लिहून दिलेला करारच रद्दबातल ठरवते, हे किती जणांना ठाऊक आहे? पासबुक नि एटीएम कार्ड सावकाराच्या पेटीत ठेवून महिनाअखेर त्याच्या दारी उभे राहणाऱ्या वृद्धाला हे कोणी सांगितलेलेच नसते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम तर मला अतिशय प्रिय आहे. कारण निर्वाह निधी आणि आयुर्विम्याच्या रकमेबरोबरच स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आवश्यक तेवढी जनावरे, बियाणे आणि धर्मरूढीने स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिना, हे सारे त्याने जप्तीबाहेर ठेवले आहे. ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याने असेच संरक्षण दिले.

मात्र येथे एक सूक्ष्म भेद आहे. निर्वाह निधी कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंतच सुरक्षित, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली म्हटले. तर राधेश्याम गुप्ता यांच्या प्रकरणात २००८ साली, पेन्शन व ग्रॅच्युइटी हाती आल्यावरही त्यांचे स्वरूप पालटत नाही, असा निर्णय दिला. म्हणून निवृत्तीची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, तिच्यात धानविक्रीचे पैसे मिसळू नयेत आणि मंजुरीचे कागद जपून ठेवावेत.

आणि ज्याला खरोखरच नादारी पत्करावी लागेल, त्याने काय करावे? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग, कंपन्यांच्या जामीनदारांखेरीज, सामान्य माणसाला अद्याप लागू झालेला नाही. त्याला १९२० च्या जुन्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच अर्ज करावा लागतो. त्या कायद्यानेही जप्तीबाहेरची मालमत्ता नादाराच्या हातून जात नाही. परंतु सावलीच्या वृद्धाने चंद्रपूरच्या किती तारखा कराव्यात?

आपला जिल्हा मध्य प्रांतात असताना, १९३३ च्या कर्ज तडजोड कायद्याने ऋणको आणि सावकार यांना मंडळासमोर आणून देणे ठरवण्याची सोय केली होती. पेन्शनीला धक्का न लावता हप्ते बांधून देणारे तसे मंडळ प्रत्येक तालुक्यात पुन्हा स्थापन व्हावे, हा ठराव मी या संमेलनापुढे ठेवतो.