सुट्टी, सेवा आणि पाहुण्याची मर्यादा

(नंदुरबार येथे तरुण-तरुणींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'प्रवास आणि समाजसेवा'. विषय मोठा आहे, म्हणून मी तो थोडा अरुंद करतो. इथे बसलेल्यांपैकी काहींची लग्नं नुकतीच झाली आहेत, काहींची व्हायची आहेत. निकाहची तारीख ठरली की वलीम्याच्या यादीपाठोपाठ दुसरी चर्चा सुरू होते, फिरायला कुठे जायचं? महाबळेश्वर, माथेरान आता मागे पडलं. मालदीव, अंदमान, बाली ही नावं निघतात. निळं पाणी, पाण्यावर उभी लाकडी खोली, नाश्त्यासकट चार रात्री आणि पैसे हप्त्यांनी. हल्ली त्यात आणखी एक गोष्ट जोडली जाते, ती म्हणजे दोन दिवस व्हॉलंटियरिंग. बेटावरच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवा, किनारा साफ करा. सुट्टीही झाली आणि सवाबही मिळाला.

नवराबायकोने सोबत फिरायला जावं, यावर माझा काही आक्षेप नाही. आपल्या कितीतरी मुलींना लग्नाआधी तालुक्याबाहेर पाऊल टाकायला मिळत नाही. त्यांनी समुद्र पाहिला तर आनंदच आहे. माझा प्रश्न त्या दोन दिवसांबद्दल आहे. पाहुणा म्हणून गेलेला माणूस दोन दिवसांत कोणाची, किती सेवा करू शकतो?

आधी मालदीवचं पाहू. तो मुस्लिम देश आहे, म्हणून आपल्या घरातल्या मोठ्यांनाही ते नाव बरं वाटतं. तिथे पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये. पुढची अनेक वर्षं धोरण असं होतं की रिसॉर्ट वस्ती नसलेल्या बेटांवर बांधायचे आणि पाहुणे तिथेच ठेवायचे. त्यामुळे चार दिवस मालदीवमध्ये राहूनही माणूस मालदीवच्या गावात पाय ठेवत नाही. वस्तीतली अजान त्याच्या कानावर पडत नाही. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर छोटी गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर स्थानिक कुटुंबांनी ती काढली. तिथे दिलेला पैसा गावात राहतो. म्हणजे तुम्ही कुठे उतरता, हाच पहिला निर्णय. किनाऱ्यावर तासभर कचरा वेचण्यापेक्षा त्या निर्णयाचा गावाला जास्त उपयोग होतो.

आपल्याच देशातलं लक्षद्वीप घ्या. २०२४ च्या जानेवारीत मालदीवशी वाद झाला आणि रातोरात सगळ्यांना लक्षद्वीप आठवलं. छत्तीस बेटं, त्यांतली दहा वस्तीची. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३, त्यातले ९६ टक्क्यांहून जास्त मुस्लिम. तिथे गोड पाणी म्हणजे प्रवाळाच्या वाळूत मुरलेल्या पावसाचा एक पातळ थर, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. उपसा जास्त झाला की विहीर खारट होते. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोड करण्याचा प्रकल्प सुरू करावा लागला, तो उगाच नाही. अशा ठिकाणी पाहुण्याने दिवसातून तीनदा शॉवर घ्यायचा आणि संध्याकाळी पर्यावरणाचा फलक धरून फोटो काढायचा, याला सेवा म्हणता येत नाही.

बेटं पाहायला इतक्या लांब जायला नको, बेटं आपल्या जिल्ह्यातही आहेत. सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्राची ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरलं. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटरपर्यंत. बऱ्याच कुटुंबांचं पुनर्वसन तळोदा, शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत झालं. जे वर डोंगरावर राहिले, त्यांच्यातल्या काहींच्या पाड्यांभोवती पाणी आलं. त्यांना टापू म्हणतात. रेशन असो, दवाखाना असो, होडी किंवा बार्ज आल्याशिवाय काही होत नाही. त्याच धरणाजवळ, गुजरातच्या बाजूला केवडियात, २०१८ मध्ये १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला. तिथे टेंट सिटी आहे, वातानुकूलित तंबू आहेत. आपल्यातले कितीतरी जण तिथे राहून आले असतील, त्यात काही गैर नाही. पण नदी तीच आहे आणि वरच्या अंगाला आपल्याच जिल्ह्यातले टापू आहेत, एवढं तरी जाताना माहीत असावं.

याच नर्मदाकाठी एक जोडपं काम करायला आलं होतं. रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री. रवी आयआयटी मुंबईचे इंजिनिअर, पुढे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी. १९९१ मध्ये त्यांनी तिथे 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' ही संघटना सुरू केली. नंतर दोघं भारतात परतले. धडगाव तालुक्यात बिलगाव नावाचं आदिवासी गाव आहे, तिथे नदीला धबधबा आहे. त्या पडत्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा करायचं ठरलं. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे अभियंते आले, रवी-अरविंदा यांच्या संघटनेने साथ दिली, गावकऱ्यांनी श्रमदान केलं आणि २००३ मध्ये बिलगावच्या घरांत दिवे लागले. शाहरुखचा 'स्वदेस' आपण सगळ्यांनी पाहिला आहे. २००४ च्या त्या सिनेमामागे या जोडप्याची आणि बिलगावची प्रेरणा होती, असं सांगितलं जातं.

सिनेमात एकटा नायक येतो आणि वीज आणतो. बिलगावात तसं नव्हतं. तिथे नर्मदा बचाओ आंदोलनामुळे लोक आधीपासून संघटित होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून या खोऱ्यात त्यांच्या जीवनशाळा चालत होत्या. बाहेरून आलेल्यांनी त्या घडीत आपलं ज्ञान बसवलं. खोदकाम गावाचं, दगड गावाचे, वीज गावाची. पाहुणे निघून गेले तरी गाव थांबणार नाही, अशी ती मांडणी होती.

२००६ च्या पावसाळ्यात पूर आला आणि तो प्रकल्प गेला. ही गोष्ट आपण सोयीने विसरतो, कारण सिनेमात ती नाही. काम चांगलं होतं, माणसं प्रामाणिक होती, तरीही ते गेलं. नदीचं पाणी किती चढणार हे बिलगावात ठरत नव्हतं. म्हणून सेवा करणाऱ्याला हक्कांची भाषाही यायला हवी. पुनर्वसन, रस्ता, होडी, वीज हे लोकांचे हक्क आहेत. आपण दोन सोलर दिवे लावून आलो आणि सरकारची जबाबदारी संपली असं चित्र उभं राहिलं, तर त्या पाड्याचं आपण नुकसानच केलं.

आता एका स्थानिक बाईंविषयी. रेलू वसावे, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, संसर्गाच्या भीतीने काठावरच्या पाड्यांतल्या बाया-मुलं अंगणवाडीत यायची बंद झाली. रेलूताईंनी मासेमारीची होडी घेतली आणि स्वतः वल्हवत पाड्यापाड्यांवर जाऊ लागल्या. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर. गरोदर बायांची तपासणी, बाळांची वजनं, पोषण आहार. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले. आपण सगळ्यांनी ते पुढे पाठवले.

मग डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या धरण्यावर जाऊन तासभर बसले? बेटावर जाऊन दोन दिवस मुलांना शिकवण्याची हौस असलेल्या माणसाला मी हेच विचारेन. तिथे रोज शिकवणारी, रोज होडी वल्हवणारी कोणीतरी आधीपासून आहे. तिला तुमचे दोन दिवस हवेत, की तिच्या मागणीला तुमचा आवाज हवा?

पाहुण्याच्या बाबतीत आपला दीन फार स्पष्ट आहे. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे तो सदका. आणि यजमानाची अडचण होईल इतकं राहू नये. आपण ही शिकवण यजमानाला ऐकवतो, पण ती पाहुण्यालाही तेवढीच लागू आहे. पाड्यावर दहा जण गेलो, त्यांच्या हंड्यातलं पाणी संपवलं, त्यांच्या कोंबड्या खाल्ल्या आणि वह्या वाटून आलो, तर हिशोब कोणाच्या बाजूने झाला? सदका देताना डाव्या हाताला कळू नये, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. मग कुपोषित लेकराला मांडीवर घेऊन काढलेला फोटो स्टेटसला कसा लागतो?

आता आपल्या जिल्ह्यातल्या मुस्लिम तरुणांविषयी. अक्कलकुव्यात १९७९ पासून जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आहे. तिथे दीनी तालीमसोबत इंजिनिअरिंग, फार्मसीसारखं शिक्षणही मिळतं. शहाद्या-तळोद्यात, नंदुरबारात आपली मुलं मोटार बांधतात, वेल्डिंग करतात, मोबाइल दुरुस्त करतात, सोलर बसवतात. सातपुड्याला याच हातांची गरज आहे. धडगाव, मोलगीच्या बाजारात आपल्यातल्या अनेकांचा आदिवासी गिऱ्हाइकांशी वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. या व्यवहारातला विश्वास हीच आपली खरी ठेव आहे. मापात आणि भावात ती जपली, तर सेवेचं अर्धं काम तिथेच होतं. बाई डोक्यावर आमचूर घेऊन डोंगर उतरून येते, तिच्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करायची आणि महिन्याने तिच्याच पाड्यावर कपडे वाटायला जायचं, हे जमत नाही.

आजच्या वातावरणात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मुस्लिम पोरं आदिवासी पाड्यावर सेवेला गेली तर कोणी शंका घेईल, कोणी मोबाइल काढून प्रश्न विचारेल. त्यावर उपाय एकच, सगळं उघड्यावर करा. आधी सरपंच, शाळेचे गुरुजी, आशाताई यांच्याशी बोला. त्यांनी बोलावलं तर जा, त्यांनी सांगितलेलं काम करा. धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार सोबत नेऊ नका. पावरी, भिलोरीतले चार शब्द शिकून जा. चहा दिला तर प्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात एखादी प्रणाली बनवणं सोपं असतं. बनवणारा निघून गेल्यावर ती कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न. आदिवासी शाळांसाठी कोणी ॲप करून देतो म्हणालं, की मी आधी विचारतो, तिथे नेटवर्क आहे का? बिघडलं तर फोन कोणाला करायचा? ते शिकवायला तुम्ही पुन्हा कधी येणार? उत्तर नसेल तर ॲप करू नये. त्यापेक्षा एका शाळेतल्या दोन मुलांना बॅटरी, वायर, इन्व्हर्टर नीट तपासायला शिकवावं आणि दर तीन महिन्यांनी जाऊन बघून यावं.

जोडप्यांसाठी एक शेवटची गोष्ट. रिसॉर्टमध्ये बायकोला चार दिवस चुलीपासून सुटी मिळते, म्हणून तिला तो आवडतो. सेवेला जोडीने जाल तेव्हा तिला सगळ्यांचा स्वयंपाक करायला लावू नका. पाड्यावरच्या बाया तिच्याशी जे बोलतील ते तुमच्याशी बोलणार नाहीत. कुठे जायचं, काय करायचं, हे ठरवताना तिचं मत आधी घ्या.

मालदीवला जायचं असेल तर जरूर जा, शक्य असेल तर वस्तीच्या बेटावर राहा, पाणी जपून वापरा आणि तिथे सेवेचं नाटक करू नका. तोरणमाळला जा, यशवंत तलावाकाठी दोन दिवस राहा, वाटाड्या तिथलाच घ्या, त्याला पूर्ण मजुरी द्या. आणि सेवा करायचीच असेल तर एक गाव, एक काम आणि तीन वर्षं असं ठरवा. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबा. कोणाला काय येतं आणि कोणाला महिन्यातला कोणता रविवार देता येईल, एवढंच आज वहीत लिहून घेऊ. गाव आपण निवडायचं नाही. ज्या गावाकडून बोलावणं येईल, तिथे जायचं.