टांकसाळीतला न्यूटन

श्रोतेहो, वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, शास्त्रज्ञांच्या नावाची सोन्याची नाणी कशासाठी पाडतात? त्यांनी सोने थोडेच निर्माण केले?" प्रश्न भाबडा, पण बिनतोड होता. त्याच्या उत्तरासाठी मी त्याला न्यूटनची हकीकत सांगितली.

२०१७ साली ब्रिटनच्या शाही टांकसाळीने न्यूटनच्या स्मरणार्थ पन्नास पेन्सांचे सप्तकोनी नाणे काढले. सर्वसामान्य व्यवहारासाठी ते तांबे व निकेल ह्यांच्या मिश्रधातूचे होते; संग्राहकांसाठी मात्र त्याची बावीस कॅरट सोन्यातली मोजकी आवृत्ती निघाली. त्यावर न्यूटनचा चेहरा नाही. त्याच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथावरून घेतलेली ग्रहकक्षेची आकृती आहे.

आता गंमत पाहा. हाच न्यूटन कित्येक वर्षे भट्टीसमोर बसून किमयेचे प्रयोग करीत होता. हलक्या धातूचे सोने काही झाले नाही. परंतु १६९६ साली तो लंडनच्या टांकसाळीचा पर्यवेक्षक झाला आणि खऱ्या सोन्यारुप्याची राखण त्याच्या हाती आली. पद मानाचे, काम बेताचे, अशी ती नेमणूक समजली जाई. न्यूटनने मात्र ती मनावर घेतली. त्या काळी चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून लोक धातू चोरीत, खोटी नाणी तर राजरोस चालत. जुनी नाणी वितळवून नवी पाडण्याचे प्रचंड काम त्याने तडीस नेण्यास हातभार लावला. खोटी नाणी पाडणाऱ्यांविरुद्ध त्याने स्वतः साक्षी गोळा केल्या. त्यांतला कुप्रसिद्ध विल्यम चॅलोनर १६९९ साली फासावर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन टांकसाळीचा प्रमुख झाला.

पण खरी कसोटी १७१० साली लागली. टांकसाळीतील निवडक नाणी पेटीत राखून ठेवावयाची आणि सोनारांच्या पंचांकडून पारखून घ्यावयाची, अशी तिकडे जुनी प्रथा आहे. त्या पारखीत न्यूटनचे सोने किंचित कमअस्सल ठरले! न्यूटन निमूट बसला नाही. दोष नाण्यांत नसून १७०७ साली केलेल्या कसोटीच्या पत्र्यात आहे, तो पत्राच प्रमाणापेक्षा अधिक शुद्ध आहे, असे त्याने दाखवून दिले. अखेर तो पत्रा बाजूस पडला. माप घेण्यापूर्वी मापही तपासावे, हीच प्रयोगशाळेतली शिस्त त्याने टांकसाळीत पाळली.

१७१७ साली त्याच्या अहवालावरून गिनीचे मोल एकवीस शिलिंग ठरले. हीच ती गिनी, जिचे नाव आपल्याकडे सराफकट्ट्यावर 'गिनी सोने' म्हणून रुळले.

श्रोतेहो, संग्राहकाच्या सोन्याच्या नाण्याला तीन किमती असतात. एक त्यावर छापलेली, ती नाममात्र. दुसरी आतल्या सोन्याची. ती बाजारभावाप्रमाणे चढते-उतरते. तिसरी दुर्मिळतेची व हौसेची. ती विकत घेणारा भेटेल तेव्हाच खरी. असे नाणे घेताना ह्या तिन्ही किमती वेगवेगळ्या मांडून पाहाव्यात, नाहीतर हौस महाग पडते.

माझा विद्यार्थी मात्र हिशेबात आणखी पुढे गेला. तो म्हणाला, "सर, मग न्यूटनची आकृती पितळेवर काढली तरी तेवढीच खरी!" ह्या चौथ्या किमतीला सराफाचा काटा लागत नाही.