पुरुषार्थाची नवी कसोटी

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात महाविद्यालयीन युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्त्रीमुक्ती हा विषय भगिनींचा. पुरुषांनी फार तर टाळ्या वाजवाव्यात, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. हा विषय आपलाही कसा आहे, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तो सवाल पुरुषांनी संघटितपणे स्वतःला विचारण्यास पुढे शंभरावर वर्षे जावी लागली. पत्नीला मारहाण करणे ज्यांना अमान्य आहे अशा पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन १९९१ साली वृत्तपत्रातून करण्यात आले. त्याला प्रतिसाद देणाऱ्यांतूनच १९९३ साली मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अ‍ॅब्यूज' अर्थात 'मावा' ही संस्था उभी राहिली. महाविद्यालयीन युवकांशी या विषयावर मोकळा संवाद साधणे, हे तिचे एक प्रमुख कार्य आहे.

आजचा तरुण बदलतो आहे, हे मान्य केले पाहिजे. बहिणीने शिकावे, पत्नीने नोकरी करावी, असे तो मोकळेपणाने म्हणतो. परंतु स्त्रिया पुढे गेल्या म्हणून आपण मागे पडलो, अशी कुरकुरही कानी येते. या तक्रारीचे उत्तर सोलापुरातील एका घटनेत सापडते. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर स्वार होऊन, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लग्नाला मुली मिळत नाहीत, तेव्हा गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती. २०११ साली ती ८९४ वर आली. मित्रांनो, याच कायद्यासाठी स्त्री-संघटना १९८०च्या दशकात झगडत होत्या आणि १९८८ साली असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. तो लढा तुमच्याविरुद्ध होता काय? मुलगी हवी ती केवळ कोणाची वधू म्हणून नव्हे. तिचा जन्माचा हक्क स्वयंसिद्ध आहे. तरीही तो हक्क नाकारल्याची झळ अखेर पुरुषांनाही लागतेच, हे त्या वरातीने दाखविले.

आता विचाराकडून आचाराकडे वळू. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ आहेत. म्हणजे अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ झाले. पाच वर्षांत एका मिनिटाची प्रगती!

दुसरे उदाहरण कुटुंबनियोजनाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाची केवळ शेकडा ०.३ जोडप्यांत. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. ती थोड्या वेळात होते आणि तिच्यामुळे पौरुष कमी होत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. तरीही भीती कायम आहे. ही भीती शरीराची नाही, 'लोक काय म्हणतील' याची आहे.

ही भीती आपल्या भाषेनेच पोसली आहे. रडणाऱ्या मुलाला आपण 'बायकी' म्हणतो आणि कच खाणाऱ्याला 'बांगड्या भर' असे सुनावतो. अशाने मुलगा दोन धडे शिकतो: स्त्री असणे कमीपणाचे, आणि दुःख बोलून दाखविणे त्याहून कमीपणाचे. पीक बुडाले, नोकरी गेली, तरी तो मनातल्या मनात कुढत राहतो. स्त्रीला जखडणारी बेडी पुरुषाच्याही पायात असते, ती अशी.

आपल्या परंपरेने धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ सांगितले. त्यांत मनगटाच्या जोरावर दुसऱ्याला दाबणे कोठेही नाही. समानतेवर टाळ्या घेणारी भाषणे पुष्कळ झाली. माझेही त्यांतलेच एक ठरू नये. शिबिरात आपण पाळीपाळीने स्वयंपाक करता, भांडी घासता, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हीच पाळी घरी गेल्यावरही चालू ठेवा. त्या २०१ मिनिटांतील काही मिनिटे आपल्या हातांनी कमी होवोत, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.