परदेशीय अनुदान आणि आपले अध्यापक



आमच्या शिरगांवचीं मुलें इंजिनियरिंगचें नांव काढलें कीं पवईकडे बोट दाखवितात. पण ती भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी कशी राहिली, हें थोड्यांसच ठाऊक असतें. १९५८ सालीं वरळी येथें परक्या इमारतींत शंभर विद्यार्थ्यांनिशीं तिचा आरंभ झाला. इमारती व नित्याचा खर्च भारत सरकारनें सोसला; यंत्रें व तज्ज्ञ यांची सोय युनेस्कोनें मुख्यत्वें सोव्हिएत रशियांतून केली. १९७३ पर्यंत तिकडील ५९ तज्ज्ञ व १४ तंत्रज्ञ येऊन गेले. परंतु माझ्या मतें खरा लाभ निराळाच होता. आपल्या अध्यापकांस रशियांत शिकण्यासाठीं २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. यंत्रें कालांतरानें झिजलीं असतील. शिकून आलेला अध्यापक मात्र निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं नवा वर्ग शिकवीत राहतो.

पुढें २०१८ सालीं भारत सरकारनें 'स्पार्क' योजना काढली. भारतीय व परदेशीय विद्यापीठांनीं मिळून संशोधन करावें, हा तिचा हेतु स्तुत्यच होय. पण अर्ज करणाऱ्या संस्थेस राष्ट्रीय क्रमवारींत वरचें स्थान हवें, अशी अट तींत घातली गेली! पहिल्या बांकावरच्या मुलांसच तेवढी पाटी द्यावी, त्यांतलाच हा प्रकार. वरळीच्या त्या नवजात संस्थेस कोणी क्रमांक विचारला असता, तर तिनें काय सांगितलें असतें?

तेव्हां अशा अनुदानाचा कांहीं भाग क्रमांक नसलेल्या महाविद्यालयांतील अध्यापकांसाठीं राखावा. आणि पवईनें परदेशीय विद्यापीठाशीं करार करतांना पालघरकडील एखादा अध्यापक बरोबर घ्यावा. त्याच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च एखाद्या यंत्राच्या किंमतीपुढें कितीसा होणार?