कातडीची आठवण

एखाद्या गृहिणीच्या कपाळावर टिकलीच्या जागीं खाज सुटते, बारीक पुरळ उठतें, आणि घरांत लगेच निदान होतें कीं, ही उष्णता आहे. मग सब्जा होतो, चंदनाचा लेप होतो, पथ्य होतें. टिकली मात्र त्याच जागीं लागतच असते. कोणी तिच्याकडे बोट दाखविलेंच, तर उत्तर तयार असतें, “इतकीं वर्षें लावतें आहें, कधीं कांहीं झालें नाहीं!” हें उत्तर दिसावयास बिनतोड आहे, परंतु खऱ्या अपराध्याला सोडून देणारें तेंच आहे.

बाहेरच्या पदार्थाच्या स्पर्शानें कातडीस आग, खाज वा फोड येतात, त्या विकारास स्पर्शजन्य त्वचादाह म्हणतात. त्याचे प्रकार दोन. पहिल्यांत पदार्थ स्वतःच दाहक असतो. ओलें सिमेंट, चुना, धुण्याचा सोडा, भांड्यांचा साबण हे पुरेसा वेळ लागले तर कोणाचीही कातडी सोलवटते. सतत पाण्यांत हात असणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत व आंगठीखालीं चिरा पडतात त्या यामुळेंच. दुसऱ्या प्रकारांत पदार्थ दहा जणांस निरुपद्रवी असतो व अकराव्यासच बाधतो. या अकराव्याच्या कातडीनें त्या पदार्थाची नोंद करून ठेवलेली असते. ही नोंद होण्यास कधीं दोन आठवडे पुरतात, कधीं अनेक वर्षें लागतात. परंतु एकदां झाली कीं ती बहुधा जन्मभर टिकते. शिवाय विकार बहुधा एक-दोन दिवसांनीं उठतो. त्यामुळें संशय आजच्या भाजीवर जातो आणि परवांचा कलप सुटतो.

महाराष्ट्रांत याचें जुनें उदाहरण बिब्ब्याचें. परीट त्याच्याच रसानें कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धांत भारतांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर चट्टे उठूं लागले. त्यांच्या डॉक्टरांनीं १९४३ सालीं कारण प्रसिद्ध केलें तें हेंच. परटाची खूण जेथें टेके तेथें चट्टा. काजू व आंबा हे बिब्ब्याचेच भाऊबंद. म्हणून काजूच्या टरफलाचें तेल हातांस बाधतें आणि आंब्याचा चीक ओठांभोंवतीं फोड आणतो. पुढें १९५६ च्या सुमारास पुण्यांत गाजरगवत दिसूं लागलें. तें हातीं धरावेंच लागतें असें नाहीं; त्याची वाळलेली धूळ वाऱ्यानें येऊनही पापण्या, मान व कोपरांच्या खळग्या धरते.

म्हणून चट्ट्याची जागा हीच पहिली साक्ष मानावी. कानाच्या पाळ्या व गळा यांवर असला तर खोट्या दागिन्यांतील निकेल. बेंबीखालीं असला तर पँटचें धातूचें बटण. पापण्या व केसांची कड यांवर असला तर कलप. स्वयंपाक करणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांस असला तर लसूण. काळ्या मेंदींत पुष्कळदां कलपाचेंच द्रव्य असतें. ती ज्यास बाधली त्यानें पुढें कलपास शिवूं नये.

कपाळाची गोष्ट यांत सर्वांत नाजूक. टिकलीच्या डिंकांतील कांहीं रसायनें कातडीचा रंगच घालवितात. पांढरा डाग दिसतो, शेजारींपाजारीं कोडाची कुजबुज होते, आणि एखाद्या मुलीचें लग्न अडतें. वेळींच टिकली सोडल्यास असा डाग कित्येकदां हळूहळू भरून येतो. शिवाय त्वचादाह काय आणि कोड काय, दोन्ही एकापासून दुसऱ्यास जडत नाहींत. अशा बाईचीं भांडीं वेगळीं ठेवणें हा निव्वळ अन्याय होय.

उपाय मुख्यतः वर्ज्य करण्याचा. संशयित वस्तु कांहीं आठवडे पूर्ण बंद ठेवावी. भांडीं घासतांना आंत सुती व वर रबरी हातमोजे घालावे, आणि नंतर हात पुसून बिनवासाचें साधें मलम लावावें. लसणाचा किंवा बिब्ब्याचा लेप करूं नये; दुकानदारास विचारून आणलेलें औषधी मलमही नवा दाह उत्पन्न करूं शकतें. एवढ्यानें कारण सांपडलें नाहीं, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पट्टीची परीक्षा करवावी. १८९५ सालीं याडासोन या जर्मन वैद्यानें ती प्रथम मांडली. संशयित द्रव्यें पाठीवर चिकटवून दोन दिवसांनीं पट्ट्या काढतात, व पुढें एक-दोन दिवसांनीं ती जागा पुन्हां पाहतात. या परीक्षेस जातांना रोजच्या वापरांतील वस्तूंची यादी सोबत न्यावी, आणि वर्षानुवर्षें वापरलेली वस्तु तींतून वगळूं नये.